उरलेल्या भाकरी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सोलापुरात गणित शिकवते, आणि ते अभिमानानं सांगते. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग "व्हय बाई!" म्हणून ओरडतो. त्या ओरडण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून दर शनिवारी मी प्रत्येकाला भागाकाराचं एक गणित स्वतःच बनवायला लावते.

एक मुलगी नेहमी तेच गणित मांडायची: घरात माणसं पाच, भाकरी दहा, प्रत्येकाला दोन. बाकी कधी उरायचीच नाही. तिला बाकी कळतच नसावी, अशी मला शंका होती.

"अगं, एकदा तरी काहीतरी उरू दे की," मी म्हणायचे.

मग तिचे वडील वारले. पंधरवड्यानं ती शाळेत आली आणि शनिवारी तिनं लिहिलं: माणसं चार, भाकरी दहा, प्रत्येकाला दोन, उरल्या दोन.

"भाकरी कमी नाही का केल्या?" मी हळूच विचारलं.

"आई अजून तेवढ्याच करती, बाई."

उत्तर बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही उघडली.