पाचोऱ्याचा मनोज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चष्म्याच्या दुकानात समोर बसणाऱ्या भागीदारालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटते आहे. हसू आलं तर हसा. मलाही येतं – आणि हसून झालं की मान खाली जाते.

आम्ही जळगावचे पाच-सहा जण दर शर्यतीच्या रविवारी संध्याकाळी नानांच्या गॅरेजच्या माडीवर जमतो. शर्यत म्हणजे फॉर्म्युला वनची. केळी-कापसाच्या गावात हे वेड कुठून आलं असं लोक विचारतात. क्रिकेटचं कुठून आलं होतं? टीव्हीवरूनच ना? टीमची नावं मात्र मी इथे घेणार नाही. घेतली की तुमच्यातले निम्मे लोक माझा कबुलीजबाब सोडून भांडायला लागतील. एवढंच सांगतो की दोन मोठ्या टीम आहेत, त्यांचं आपसांत हाडवैर आहे, आणि त्यातली एक माझी आहे. आणि एक टीम आहे जी नेहमी शेवटच्या रांगेत असते. ती नानांची.

नाना म्हणजे आयुष्यभर डिझेल इंजिनं खोलून बसवलेला माणूस. आता गॅरेज मुलगा बघतो. इतकी वर्षं हरणारी टीम का धरून ठेवली असं कुणी विचारलं की नानांचं उत्तर ठरलेलं, "बठ्ठा जिंकनारना मांगे पयतस. हारनारना मांगे कोन उभा ऱ्हास?" म्हणजे जिंकणाऱ्यामागे सगळेच पळतात, हरणाऱ्यामागे कोण उभं राहणार?

आणि मी? मी आमच्यातला जाणकार. इंग्रजी लेख वाचायचो, टायरचे प्रकार समजावून सांगायचो, कुणी मध्ये बोललं तर हात वर करून थांबवायचो. चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी माझ्या टीमची गाडी पहिली धावत होती आणि मी जिंकण्याची कारणं आधीच सांगायला लागलो होतो. नानांनी मान तिरकी केली. म्हणाले, हे इंजिन दोन फेऱ्यांत बसणार. मी हसलो. टीव्हीवरचा आवाज ऐकून कुणी इंजिन ओळखतं का? त्यानंतरच्या दुसऱ्याच फेरीत गाडीतून धूर निघाला. माडी दणाणली. नाना माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाले, "तू वाचस, मी ऐकस."

बस, एवढंच. चार शब्द. त्यात अपमान नव्हता – आज कळतं. त्या दिवशी मात्र कानशिलं तापली होती. घरी जुना फोन पडला होता, त्यात दुसरं सिम होतं. सोमवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी त्या नंबरावरून, ग्रुपची लिंक वापरून, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो. नाव लिहिलं – मनोज, पाचोरा. रेल्वे गेटजवळ टायरचं दुकान. कुणी विचारलंही नाही. प्रत्येकाला वाटलं हा दुसऱ्याच्या ओळखीचा असेल.

ग्रुपवर मनोजचं पहिलं वाक्य होतं – नाना, तुमच्या टीमला शर्यत संपायच्या आत घरी जायची सवय आहे का?

मला नानांना दुखवायचं होतं. ते साधलं नाही. नाना पेटून उठले. मराठी टाइप करायला त्यांना नातीनं शिकवलं होतं, ते आता कामी आलं. एका बोटानं, चुका करत, ते मनोजला उत्तरं द्यायला लागले. शनिवारीच तयारी सुरू. रविवारी माडीवर पाय ठेवला की पहिला प्रश्न, मनोजचं काय आलं? तो माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता. नातीकडून जुन्या शर्यती शोधून घ्यायचा आणि मनोजच्या टीमनं कधी कुठे माती खाल्ली त्याची वहीत यादी करायचा.

आणि मनोजची टीम कुठली, ठाऊक आहे? माझी नव्हे. संशय नको म्हणून मी त्याला माझ्या वैऱ्याच्या टीमचा केला होता. म्हणजे दर आठवड्याला मला त्या नावडत्या टीमचं कौतुक लिहावं लागायचं आणि माझ्या टीमला नावं ठेवावी लागायची. एकदा मनोजनं माझ्या लाडक्या ड्रायव्हरवर असा शेरा मारला की ग्रुप दोन दिवस हसत होता. मला वाईट वाटलं. कुणाला सांगणार?

इथवर गंमत वाटते ना? आता पुढचं ऐका. मनोज फार बोलला की मी माझ्या खऱ्या नावानं मध्ये पडायचो. नानांच्या वयाचा मान ठेव म्हणून त्याला दटावायचो. का? नानांनी मला चांगलं म्हणावं म्हणून. आणि ते म्हणायचे. येईल-जाईल त्याला सांगायचे की हा पोरगा माझ्या पाठीशी उभा राहतो. एका हातानं चिमटा काढायचा, दुसऱ्यानं पाठ थोपटून घ्यायची – याला काय म्हणतात, मी वेगळं सांगायला हवं का?

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी नानांच्या टीमच्या दोन्ही गाड्या पहिल्याच वळणावर एकमेकींवर आदळल्या. नाना पाणी पिऊन बसून राहिले. त्या दिवशी मनोजला टोमणा मारवला नाही. त्यानं लिहिलं – नाना, आज मलाही वाईट वाटलं.

ते वाक्य खरं होतं. चार वर्षांतलं मनोजचं बहुधा एकमेव खरं वाक्य. आणि त्यानंच मला अडकवलं.

"चाल, मनोजले भेटी येऊत," मंगळवारी नाना दुकानात येऊन म्हणाले. हातात भरताच्या हिरव्या वांग्यांची पिशवी. मनोज फोन उचलत नाही, दुकानात आवाज असेल, पण रेल्वे गेटजवळचं टायरचं दुकान म्हणजे सापडायला काय अवघड? मी कारणं शोधली. एकही वेळेवर सापडलं नाही. तासाभरात मी नानांच्या शेजारी पाचोऱ्याच्या गाडीत बसलो होतो, मांडीवर माझ्याचसाठी आणलेली वांगी घेऊन.

गेटजवळ टायरचं दुकान खरंच होतं. मालक इकबालभाई. ते म्हणाले, वीस वर्षं इथे बसतोय, मनोज नावाचा कुणी नाही. नानांनी दोनदा विचारलं, मग तिथल्याच बाकड्यावर टेकले. त्या क्षणी सांगता आलं असतं. नाना, मनोज मीच – तीन शब्द. मी टायरवरची नक्षी बघत राहिलो.

इकबालभाईंनी चहा मागवला. कोण हा मनोज, कसली शर्यत, त्यांनी विचारलं आणि नाना सुरू झाले. चार टायर दोन-अडीच सेकंदांत बदलतात म्हटल्यावर इकबालभाई हसून म्हणाले, आजोबा, मला हेच काम येतं, मला नका सांगू. नानांनी फोन काढून दाखवलं. इकबालभाईंनी ते तीनदा पाहिलं. मग हळूच विचारलं, "और ये जॅक कौन मारता है?" पुढचा तास दोघं त्या छोट्या पडद्यावर डोकी टेकवून बसले होते. वांगी इकबालभाईंना मिळाली. आता ते दर शर्यतीला मोटारसायकलनं जळगावला येतात, आणि टायर बदलायला कुणाला वेळ लागला तर टीव्हीला शिकवतात.

परतीच्या गाडीत मात्र नाना म्हणाले, "मीच जास्ती बोली गऊ रे. त्याले वाईट वाटनं व्हई."

मनोज समोर आला नाही याचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. चष्मा चढवून, एका बोटानं, म्हसावद स्टेशन येईपर्यंत त्यांनी त्याला माफीचा मेसेज लिहिला. मी खिडकीबाहेर बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात तो वाचला आणि उत्तर दिलं – नाना, राग नाही, कामासाठी सुरतेला आलोय. एका खोट्याला दुसरं जोडलं. नाना खूश झाले. पण ते खूश झाले म्हणून माझं चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. पाचोऱ्याला जाताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

आणि मग या वर्षीचा तो रविवार. पाऊस तिकडे, ट्रॅकवर. मोठ्या टीमनी टायर बदलायला उशीर केला, गाड्या घसरल्या, आणि नानांची टीम – शेवटच्या रांगेतली – तिसरी आली. माडीवर काय झालं ते कसं सांगू? इकबालभाईंनी नानांना उचललं. वैरी टीमची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. खालून नानांचा मुलगा काय पडलं बघायला धावत आला आणि तोही नाचायला लागला. माझी टीम चौथी आली होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. शपथेवर सांगतो, इतका आनंद मला माझी टीम जिंकली तेव्हाही झाला नव्हता.

गलका थोडा ओसरल्यावर नाना खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि फोन घेतला. माझ्या खिशात दुसरा फोन थरथरला.

जिलेबी आणतो म्हणून मी खाली उतरलो. जिलेबीवाल्याच्या कढईपाशी उभं राहून वाचलं – मनोज, पाहिलं का? मी लिहिलं – पाहिलं नाना. आज तुम्ही जिंकलात.

वर आलो तेव्हा नाना ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. दोनदा वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग नानांनी पुडा सोडला, पहिली जिलेबी उचलली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"तू सुरुवातपाईन मना बाजूले शे," ते म्हणाले.

मी ती खाल्ली.