मामा, प्रज्ञा आणि अपहरणाचा सिनेमा

रविवारी आम्ही मामांना नांदेडात सिनेमाला नेलं आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला... मामा म्हणजे माझे सासरे. वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाले, आता बिलोलीला असतात, आम्ही नांदेडात.

झालं असं, की माझी नणंद प्रज्ञा नर्स आहे. नाईट ड्युट्या सांभाळून ती जपानी शिकली आणि तिला तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. सोमवारी होकार कळवायचा होता आणि मामा नुसतं "बघू" म्हणत होते. आमच्या घरात "बघू" म्हणजे काय, ते नव्या सुनेलाही लगेच कळतं.

आम्ही सगळं सांगून पाहिलं. पगार, विमा, कॅमेरे लावलेलं होस्टेल... मामा मान हलवायचे आणि पेपर उघडायचे.

शेवटी माझ्या सुपीक डोक्यात आलं, की यांना परदेश एकदा मोठ्या पडद्यावर दाखवावा. पोस्टरवर चार मित्र बर्फात दात काढून उभे होते. म्हटलं, मस्त फिरण्याबिरण्याचा सिनेमा दिसतोय... ट्रेलर बघायची तसदी कोण घेतो?

मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. एसी लागतो म्हणून कानाला रुमाल बांधून बसले. पॉपकॉर्न बघून "एवढ्या लाह्या कशाला?" म्हणाले, आणि डबा एकदा मांडीवर घेतला तो सोडलाच नाही.

सिनेमा सुरू झाला. चौघांतला एक जण नोकरीसाठी परदेशी गेला, विमानतळाच्या बाहेर आला... आणि काळ्या गाडीतून आलेल्या गुंडांनी त्याला उचलून नेलं! आम्ही अजून नीट टेकलोही नव्हतो!

प्रज्ञाने माझ्याकडे असं बघितलं, की जपानला जायच्या आधी ही मलाच कुठेतरी पाठवते असं वाटलं. मामांच्या हातातली लाही तोंडाशीच थांबली होती. इंटर्व्हलला ते जागचे उठले नाहीत, चहा विचारला तरी नुसती मान हलवली. संपलं सगळं... मनातल्या मनात मी प्रज्ञाची माफी मागून मोकळी झाले.

इंटर्व्हलनंतर बाकीचे तिघे मित्र त्याला सोडवायला तिकडे पोचले. बर्फ पडतोय, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. बॅगा घेऊन बस स्टॉपवर बसलेले, अगदी रडकुंडीला आलेले. हॉलमध्ये चिडीचूप... आणि आमचे मामा मोठ्याने ओरडले, "अरे विहारात जा की बाबांनो! कुणीतरी आपलं भेटंल ना तिथं!"

अख्खं थिएटर हसलं. मागून एक मावशी म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिले काका!" मग काय, मामांना चेवच चढला. "मागून जा, मागून!" "फ्यूज काढा आधी, अंधार करा!" मित्र सुटला तेव्हा मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आमची सगळी रांग त्यांच्याबरोबर उभी होती.

विहाराचं ते उगाच बोलले नव्हते. नोकरीत बदली झाली, की नव्या गावात मामा पहिल्याच संध्याकाळी बुद्ध विहार शोधायचे. वंदना करायची, नाव-गाव सांगायचं, की कुणी ना कुणी घरी जेवायला नेणारच. इस्लापूरला तर अशा एका जेवणातूनच त्यांचं लग्न जमलं...

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. मामांनी अर्धा ग्लास संपवला. मग एकदम प्रज्ञाला म्हणाले, "तिकडं पहिल्या रविवारी तू जेवणार कुणाकडं?"

प्रज्ञा क्षणभर गोंधळली. मग तिने सांगितलं, की लातूरची एक सिस्टर तिथे आधीच गेलेली आहे. आपल्याकडची मंडळी रविवारी जमतात, वंदना होते, जयंतीसुद्धा करतात. आणि त्या ताईंनी आत्तापासूनच बजावून ठेवलंय, की पहिलं जेवण माझ्याकडे.

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?" मामा चक्क चिडले. "पगार सांगून राहिल्या, कॅमेरे सांगून राहिल्या... कामाचं तेवढं सोडून!"

खरंच, हे सांगायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

"जा मग," मामा म्हणाले. प्रज्ञा रसाचा ग्लास हातात धरून भर रस्त्यात रडायला लागली, तिला बघून मीही. रसवाला बिचारा घाबरला, त्याला वाटलं रसातच काही निघालं.

ऑटोत बसल्यावर मामा म्हणाले, "माझाबी पासपोर्ट काढायचा." मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "त्या पोरांजवळ होता म्हणून लगेच निघता आलं. हिला कुणी उचललं तर मी काय कागद गोळा करत बसू?"

मामा आजवर लांबात लांब गेलेत ते नागपूरला, दीक्षाभूमीवर. पण चेहरा इतका गंभीर होता, की मला हसू दाबावं लागलं... मी गमतीने विचारलं, मामा, आणि मला कुणी नेलं तर?

"तुझ्यासाठी पासपोर्ट कशाला लागतोय? तू तर नांदेडातच हाईस," मामा म्हणाले. "हाक मार नुसती."

सोमवारी प्रज्ञाचा होकार गेला. आणि मी... माहेर सोडून आल्यापासून इतकी निर्धास्त मी कधी झोपले नव्हते.