तीन रेघांचा दगड

ठेकेदाराने शाळेला फसवले. शाळेच्या छपरावरचा अस्सल दगड त्याने उतरवून नेला, त्या जागी रंगवलेला कडप्पा चढवला आणि चोर म्हणून मिस्त्रीला पुढे केले. हे आधीच सांगून टाकतो, कारण गुन्हा कोणी केला हे लपवून वाचकाला ताटकळत ठेवण्याची मला हौस नाही. नोकरीत शेकडो गुन्ह्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. त्यातले बहुतेक मी विसरलो. हा एक मात्र अजून माझ्याबरोबर जेवायला बसतो.

मी तेव्हा पुण्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. हडपसर तेव्हा अर्धे गाव आणि अर्धे कारखाने. आमच्या हद्दीत मुलींची एक जुनी शाळा होती, इंग्रजांच्या काळात बांधलेली. तिच्या मोठ्या दालनावर कौले नव्हती, पत्रा नव्हता. पाटीचा दगड होता. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरे गिरवली तोच. हा दगड थराथरांचा असतो. छिन्नी नेमकी लागली तर वहीची पाने सुटावीत तसा उलगडतो. पाणी पीत नाही, उन्हाने फुटत नाही. आपल्याकडे जमिनीला शहाबादी आणि ओट्याला कडप्पा घालायची पद्धत. पाटीच्या दगडाचे छप्पर पुण्यात फार थोड्यांनी पाहिले असेल. मीही त्या दिवसापर्यंत मान वर करून पाहिले नव्हते.

पाहिले, ते व्हरांड्यात दगड पडल्यावर. छपराची नुकतीच दुरुस्ती झाली होती. मुली प्रार्थनेला रांगेत उभ्या असताना एक दगड निसटून रांगेपासून पाच पावलांवर आदळला. कोणाला लागले नाही. त्याच दिवशी दुपारी संस्थेचे चिटणीस आणि ठेकेदार दोघे ठाण्यात हजर. ठेकेदाराची फिर्याद अशी, की जुने दगड उतरवण्याचे आणि पुन्हा बसवण्याचे काम मिस्त्रीच्या ताब्यात होते. त्याने अस्सल माल परस्पर विकला आणि हलका दगड छपरावर बसवला.

चिटणीस म्हणाले, "अहो साहेब, आत टाका त्याला. संस्थेचं नाव खराब होतंय."

मी विचारले, "दगड पडल्याने नाव खराब झालं, की दगड गेल्याने?"

चिटणिसांना प्रश्न आवडला नाही. त्यांनी वरिष्ठांना फोन लावण्याची भाषा केली. मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. माझे वडील मंडईत टोपल्या वाहायचे, आई गाळ्यापुढे बसून कोथिंबीर विकायची. मी कोणाच्या वशिल्याने फौजदार झालो नव्हतो, त्यामुळे कोणाच्या फोनने मला घाम फुटत नसे. पण फिर्याद आली म्हणजे नोंदवायलाच हवी. नोंदवली आणि मिस्त्रीला बोलावणे धाडले.

मिस्त्री साठीचा. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. आजोबा, वडील, सगळे छपरे आणि फरश्या करणारे. पांढरी दाढी, गुडघ्यावर पट्ट्या आणि बोलणे असे स्वच्छ, की आमच्या ठाण्यात तेवढे शुद्ध मराठी फक्त भिंतीवरच्या पाटीवर होते. त्याने सांगितले, की दगड उतरवले त्याने, निवडले त्याने. पण बसवायच्या वेळी ठेकेदाराने त्याला खडकवासल्याच्या एका बंगल्याच्या कामावर धाडले. परत आला तर छप्पर दुसऱ्याच माणसांनी पूर्ण केलेले.

"हजेरीचा कागद?"

"आमच्यात तोंडी चालतं, साहेब. चल म्हणाले, गेलो."

"बंगल्याचा मालक सांगेल?"

"मालक परदेशी असतात. वॉचमन ठेकेदाराचाच."

मी चिडलो. माझा स्वभाव तापट, हे मी कबूल करतो. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "म्हणजे तुझ्या बाजूने साक्ष द्यायला एक माणूस नाही, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा?"

तो दचकला नाही. म्हणाला, "माणूस नाही, पण दगड आहे. शाळेत पडलेल्या दगडाचा तुकडा मागवा. आणि एक लिंबू."

"चोराला आता सरबतही पाजू का?"

"मला नको, साहेब. दगडाला पाजायचंय."

हवालदार हसला. मीही हसलो असतो, पण आत्ताच मूठ आपटली होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून लिंबू आले. शाळेतून आणलेला तुकडा मिस्त्रीने खिळ्याने खरवडला. वरचा काळा रंग निघाला. काजळी आणि तेलाचा हात मारलेला होता. खालच्या भुकटीवर लिंबू पिळले, तर तिथे बारीक बुडबुडे उठले.

"हा कडप्पा. चुनखडीच्या जातीचा. आंबट लागलं की फसफसतो. पाटीचा दगड ढिम्म हलत नाही," तो म्हणाला. मग बोटाच्या पेराने तुकड्यावर टकटक केली. "आवाज ऐका. फुटक्या मडक्यासारखा. अस्सल दगड घंटेसारखा बोलतो. मी हा माल छपरावर चढवीन? माझा आजोबा कबरीतून उठून येईल."

छपरावर कडप्पा आहे हे सिद्ध झाले. तो कोणी घातला हे झाले नाही. मी त्याला विचारले, "अस्सल दगड समोर आला तर तो त्याच शाळेचा, हे कसं ओळखशील? दगडाला काय नाव असतं?"

"असतं की. छप्पर उतरवलं की आम्ही प्रत्येक दगडाची जाडी हाताने पाहतो आणि मागच्या बाजूला खिळ्याने रेघा मारतो. जाड असेल तर तीन, मध्यम दोन, पातळ एक. जाड खाली वळचणीला, पातळ वर आढ्याला. माझ्या रेघा डावीकडे कलतात, कारण मी डावखुरा. मागच्या बाजूला असतात, म्हणून ठेकेदाराने कधी पाहिल्या नाहीत. ते कधी दगड उलटा करून बघत नाहीत."

मी त्याला अटक केली नाही. रोज सकाळी ठाण्यात हजेरी द्यायला सांगून सोडले. चिटणिसांनी त्यावर वर तक्रार केली. मला तोंडी समजही मिळाली. मिस्त्रीचे मात्र हाल सुरू झाले होते. हडपसरपासून कँपापर्यंत बातमी गेली आणि कोणी त्याला छपरावर पाय ठेवू देईना. तो रोज हजेरीला यायचा आणि एकच गोष्ट विचारायचा: "साहेब, सुटलो तर कागदावर लिहून मिळेल ना, की मी चोर नव्हतो?" मी म्हणायचो, मिळेल. हा शब्द मी दिला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

खबर आठवड्याने आली. आमचा हवालदार जवळच्याच मांजरी गावचा. चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, आमच्याकडं एक बंद गुऱ्हाळ हाय. कुणीतरी भाड्यानं घेतलंय. पाचटाखाली काळ्या फरश्यांची थप्पी हाय म्हणत्यात. गिऱ्हाईकं येत्यात बघायला."

छापा घालणे सोपे होते. पण छाप्यात दगड सापडला असता, तोंड सापडले नसते. ठेकेदार म्हणाला असता, माल मी मुंबईहून आणला. मला त्याच्या तोंडून हवे होते. आणि पोलिसापुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही. म्हणून मी एका निवृत्त शिक्षकांना पंच म्हणून बरोबर घेतले. अंगात साधा सदरा घातला, डोक्यावर टोपी. ठेकेदाराने मला एकदाच पाहिले होते, तेही गणवेशात. माणसे गणवेश पाहतात, चेहरा पाहत नाहीत. हवालदाराला उसाच्या कडेला बसवले आणि आम्ही दोघे बंगला बांधणारे मेहुणे होऊन गुऱ्हाळापाशी गेलो.

गिऱ्हाईक आल्याचा निरोप मिळताच ठेकेदार स्वतःच आला. खिशातून किल्ली काढून त्याने दार उघडले आणि पाचट बाजूला केले. माल अस्सल आहे, हे मलाही दिसले. काळाभोर, निळसर झाक, कडा पातळ. पण मंडईत वाढलेला माणूस चांगला माल पाहून तोंड वाकडे करतो. हे आम्हाला दूध सुटण्याआधी शिकवतात. खराब मालाला नावे ठेवली तर विकणारा भाव पाडतो. चांगल्या मालाला नावे ठेवली तर विकणारा चिडतो, आणि चिडला की खरे बोलतो.

मी भाव विचारलाच नाही. एक दगड हातात घेतला, खाली टाकला आणि म्हणालो, "कडप्पा दिसतोय."

"कडप्पा? अहो, पाटीचा दगड आहे हा."

"सगळे असंच सांगतात. रंग मारलेला असणार."

"शेठ, नख लावून बघा."

मी नख लावले आणि मान हलवली. "नवीनच दिसतोय. चार वर्षांत पापुद्रे सुटतील. दाजी, चला. आपण आपला शहाबादी घालू. निदान फसवत तरी नाही."

पंच गुरुजी मुरलेले पुणेकर. म्हणाले, "मी घरीच म्हणालो होतो. गुऱ्हाळात गूळ घ्यावा, दगड घेऊ नये."

ठेकेदाराच्या मानेच्या शिरा तटतटल्या. त्याला चोर म्हटले असते तर तो हसला असता. मालाला खोटे म्हटले ते त्याला सोसले नाही. दगडावर हात आपटून तो ओरडला, "नवीन? इंग्रजांनी घातलेला दगड आहे! मुलींच्या शाळेच्या छपरावरून मी स्वतः उतरवून आणलाय! कडप्पा बघायचाय तर जा त्या शाळेच्या छपरावर, तिथे घातलाय मी कडप्पा!"

गुरुजींनी चष्मा पुसला. "पुन्हा एकदा सांगता का? मी जरा लिहून घेतो."

मी खिशातले ओळखपत्र काढले आणि हवालदाराला शीळ घातली.

पंचनामा सुरू झाल्यावर त्याला शुद्ध आली. म्हणू लागला, माल मुंबईचा आहे, शाळेचे नाव मी गिऱ्हाईक पटवायला घेतले. मी रुमाल ओला केला, एक दगड उलटा केला आणि पाठ पुसली. धुळीखाली तीन रेघा. डावीकडे कललेल्या. दुसरा उलटला, दोन रेघा. तिसरा, एक. ठेकेदार रेघांकडे बघत राहिला. दगडाला पाठही असते हे त्याला त्या दिवशी कळले.

अजून एक कडी हवी होती. त्या रेघा मिस्त्रीने आत्ता मारल्या नाहीत, हे दाखवायला हवे होते. ती कडी मुख्याध्यापिकाबाईंनी दिली. दुरुस्तीच्या वेळी कोपरा उडालेला एक दगड त्यांनी मिस्त्रीकडून मागून घेतला होता. तो कचेरीबाहेर टांगून त्या रोज खडूने सुविचार लिहायच्या. तो मागायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "न्या. आजचा सुविचार 'सत्य लपत नाही' असा आहे. पुसू नका, कोर्टाला उपयोगी पडेल." दगड उलटला. दोन रेघा, डावीकडे कललेल्या, जाळ्यांनी भरलेल्या.

मिस्त्रीवरचा गुन्हा रद्द झाला. ठेकेदारावर विश्वासघात आणि फसवणुकीची कलमे लागली. मुद्देमाल शाळेला परत मिळाला आणि छप्पर पुन्हा त्याच मिस्त्रीने बसवले. जाड वळचणीला, पातळ आढ्याला, तांब्याच्या खिळ्यांनी. तो वर बसून काम करत असताना मी खाली उभा राहून बघत असे. त्याने एकदा वरून हाक मारली, "साहेब, ऐका!" आणि दगडावर बोटाने टकटक केली. घंटेसारखा आवाज खाली आला. मला पुढे पदके मिळाली. त्या आवाजाने फुगली तेवढी छाती एकाही पदकाने फुगली नाही. ते छप्पर आजतागायत एका थेंबानेही गळलेले नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संस्थेने कोर्टाच्या परवानगीने ठेकेदाराशी तडजोड केली. तो चिटणिसांचा साडू निघाला. संस्थेने काय करावे हे फौजदार ठरवत नाही, म्हणून मी गप्प बसलो. पण मिस्त्रीचा कागद मी मागितला. दोन ओळींचे पत्र, की आळ खोटा होता. चिटणीस म्हणाले, पुढच्या सभेत ठेवतो. मी तीनदा गेलो. प्रत्येक वेळी सभा पुढची. मिस्त्रीला नवीन कामे फारशी मिळाली नाहीत. लोक म्हणायचे, काहीतरी असेल, उगाच का पोलिसांनी बोलावले. तो गेला तेव्हा त्याच्या पेटीत छिन्नी होती, हातोडी होती. पत्र नव्हते.

या प्रकरणाने मला माणसाविषयी एक गोष्ट शिकवली. खोटा माणूस स्वतःची अब्रू विकतो, पण मालाची विकत नाही. तिथे त्याला धरावे. दुसरी गोष्ट मी उशिरा शिकलो: निर्दोष सुटलेल्या माणसाचा गुन्हा कागदावर मिटतो, गल्लीत मिटत नाही. तो मिटवायला कोणाची तरी सही लागते.

गेल्या महिन्यात नातीच्या स्नेहसंमेलनाला त्या शाळेत गेलो. दालनाच्या दाराशी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर कोरले आहे, की छताचे नूतनीकरण अमुक यांच्या उदार सहकार्याने झाले. ते अमुक म्हणजे तोच ठेकेदार. मी पाटीपुढे उभा राहिलो. नात म्हणाली, "आजोबा, तुमचे कान लाल झालेत."

चिटणीस, आपण हयात आहात आणि अजूनही मंडळावर आहात. शब्द मी दिला होता, सही आपण अडवली. मिस्त्रीची मुलगी त्याच्याच घरात राहते, पत्ता मी देतो. ती पाटी उतरवा. ते दोन ओळींचे पत्र तिच्या हातात द्या. आणि इतकी वर्षे ते का दिले नाही, याचे उत्तर त्याच छपराखाली उभे राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने द्या. पुढची सभा आता भरवा.