कणकेचा हात

शेवगावच्या त्या शाळेत आम्ही अकरा शिक्षक, त्यात बाई मी एकटी. हेडसर मला नावानं हाक मारत नसत, ‘बाई’ही म्हणत नसत. ‘लेडी टीचर’ म्हणत, फार आदरानं. मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बहात्तरच्या दुष्काळात शाळेची तपासणी आली. साहेबांपुढे आठवीचा इंग्रजीचा तास मी घ्यायचा, असं ठरलं होतं. दोन वर्षांत माझं शिकवणं कुणी पाहिलंच नव्हतं. पंधरा दिवस खपून मी तक्ते रंगवले. त्या सकाळी शिपाई पिठाचा डबा घेऊन आला.

“बाई, सायबांना पुऱ्या करायच्यात. तुमचा तास गनिताचं सर घेत्यात म्हनं.”

मी तणतणत हेडसरांकडे गेले. ते हसून म्हणाले, “लेडी टीचर असताना पुऱ्या काय आम्ही लाटायच्या?”

मळली मुकाट्यानं कणीक. भिंतीपलीकडे माझेच तक्ते दाखवत गणिताचे सर चुकीचे उच्चार शिकवत होते, ते सगळं ऐकू येत होतं. जेवताना साहेब म्हणाले, “लेडी टीचरच्या हाताला चव आहे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब गेल्यावर मी ऑफिसातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. म्हटलं, बघू तरी या मानाच्या शब्दात काय आहे. नखांत कणीक वाळलेली तशीच. ‘लेडी’चं मूळ दिलं होतं: जुन्या इंग्रजीत, पावाची कणीक मळणारी. आणि ‘लॉर्ड’ म्हणजे पाव राखणारा. कर्म माझं! सातासमुद्रापलीकडेही परात आमच्याच पुढ्यात.

पुढच्या तपासणीला मी उजव्या हाताला पट्टी बांधून गेले. हाताला काहीही झालं नव्हतं. डाव्या हातानं केलेल्या पुऱ्या साहेबांना कोण वाढणार? खडू मात्र डाव्या हातात चालतो. महिनाभर घरी पाटीवर सराव केला होता. हेडसर चडफडले. पुऱ्या त्यांच्या बायकोला कराव्या लागल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. पण तास मी घेतला.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, ‘फळ्यावरील अक्षर सुधारावे.’ बाकी एक शब्द नाही. माझ्या शिकवण्यावर कुणी लिहिलेली ती पहिली ओळ. चीड आली, तरी घरी येऊन पट्टी सोडली आणि ती ओळ वहीत उतरवून ठेवली, उजव्या हातानं.