कार्य समाप्त करा

आमचा संगणक मराठीत आहे, ही माझी हौस. त्या हौसेने एका रविवारी माझी पुरती फजिती केली.

मुलीचं लग्न ठरत आलं होतं. स्थळ मैंदर्गीचं, मुलगा परदेशात नोकरीला. त्या सकाळी त्याच्याशी व्हिडिओवर बोलून आम्ही होकार कळवणार होतो. मी, बायको आणि मुलगी संगणकासमोर बसलो आणि नेमका तो हँग झाला. पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम आपणहून वर आला आणि त्यावर अक्षरं उमटली, 'प्रतिसाद देत नाही'. हा तर मी उन्हाळ्यातच बंद केला होता!

"बंद कुठे करता अप्पा, तुम्ही नुसतं खाली ढकलता," मुलगी म्हणाली. तिने काहीतरी दाबून 'कार्य व्यवस्थापक' उघडला. नाव वाचून मला आधी मांडववालाच आठवला. आत 'पार्श्वभूमी' म्हणून मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमांची ही भली मोठी रांग. भंगारात दिलेल्या प्रिंटरचं नावसुद्धा त्यात होतं. प्रिंटरच घरात नाही, मग हा चालवतोय काय? कोण कामाचा आणि कोण नुसता बसून खातोय, काही उमजेना. माझं डोकं फिरलं.

"पत्रिकेवर जा आणि ते बटण दाबा," ती म्हणाली. बटणावर लिहिलं होतं, 'कार्य समाप्त करा'.

बायकोने माझा हातच धरला. "अवो, घरात कार्य काढलंय आन तुमी समाप्त करताय व्हय? त्ये बी पत्रिकेवर! काय कळतंय का न्हाय?"

"अगं, हे संगणकाचं कार्य," मी म्हणालो; पण माझंही बोट अडलं.

"दाबा अप्पा."

"कुठलं कार्य गं? हे, का तुझं?" मी थट्टा केली.

ती हसली नाही. "दोन्ही."

नीट ऐकलं की नाही, तेच कळेना. "कधीपासून?"

"पत्रिका जुळली तेव्हापासून. तुम्ही दोघं इतके खूश होता."

इतके महिने ती आमच्याबरोबर जेवत होती, साड्या बघत होती.

फोन वाजू लागला. मुलाचे वडील होते. मी बटण दाबलं आणि फोन उचलला.

"काय पावणं, संगणक बिघडला काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो, "संगणक ठीक हाय."