फाट्यापासून आत

एसटीतून उतरलं की काकाजी लगेच चालायला लागत नसत. रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीकडे बघत राहत. गाडी वळणाआड गेली, धूळ खाली बसली, की मगच खांद्यावरची पिशवी सारखी करत आणि म्हणत, "गेली. आता आपलं सुरू."

मग माझ्याकडे बोट. "एक." मग स्वतःच्या छातीवर बोट. "दोन. बराबर."

आम्ही दोघंच असायचो. तरी डोकी मोजल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी खोड कुठली जाते?

यवतमाळात ते आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायचे. मी शाळेत शिकवते. रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी रोज सकाळी गल्लीत चकरा मारू लागले होते. आठवडाभर त्यांनी फाटकाशी उभं राहून ते पाहिलं आणि एक दिवस मला थांबवलं.

"मॅडम, गोल गोल काहून फिरून राह्यल्या? रविवारी माझ्यासंग चला. सरळ चालू."

आतून काकूंचा आवाज आला, "जा बाई, मॅडम. कोनी संग असलं तं मलेही घोर नाई."

अशी सुरुवात झाली. काकाजींची पद्धत साधी होती. सकाळची एखादी एसटी धरायची, राळेगावकडची, घाटंजीकडची, कुठलीही. नुसती पाटी आणि एखादं झाड असलेल्या फाट्यावर उतरायचं आणि आत जाणाऱ्या पायवाटेने दुपारपर्यंत चालायचं. परतीची गाडी कुठल्या वेळेला येते ते त्यांना पाठ होतं. मी एकदा विचारलं, या वयात हे वेड कुठून लागलं?

"बत्तीस वर्षं लोकायले फाट्यावर उतरून देल्लं," ते म्हणाले. "उतरून हे लोक जाते कुठं, हे कधी पाह्यलंच नाई. आता पाहून राह्यलो."

तुम्हीही एसटीने फिरला असाल. उजाड रस्त्यावर एखादी बाई पिशवी घेऊन उतरते, गाडी निघते आणि ती आपल्या डोक्यातूनही उतरते. काकाजींच्या डोक्यातून अशी माणसं उतरली नव्हती.

त्यांच्यामुळे मी आमचाच जिल्हा पायाने पाहिला. राळेगावकडच्या माळावर हिवाळ्यात गुडघाभर वाळलेलं गवत असतं आणि त्याची कुसळं मोज्यात अशी घुसतात की घरी येऊन तासभर वेचत बसावं लागतं. सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानं वाजतात. आपल्याच चालण्याचा आवाज ऐकून आपण मागे वळून बघतो. अरुंद वाटेवर समोरून गुरं आली की काकाजी मला हाताने बाजूला करत आणि गुरांकडे पाहत गंभीरपणे म्हणत, "आधी उतरू द्या, मंग चढा." वाघाबद्दल सावध करणारी वनखात्याची पाटी दिसली की मात्र तिथूनच परत. त्यात त्यांचा विनोद चालत नसे.

फक्त घाटंजीच्या रस्त्यावरचा एक फाटा ते टाळायचे. मोठी चिंच होती तिथे आणि आत जाणारी वाट सुरेख दिसायची. मी दोन-तीनदा म्हटलं, इथे उतरू. दरवेळी एकच उत्तर, "तिकडं पाह्यन्यासारखं काही नाई."

दीड वर्षाने एका शनिवारी संध्याकाळी ते स्वतःच आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "उद्या त्या चिंचेच्या फाट्यावर जाऊ. पन त्याआधी तुमाले एक सांगतो. ऐकून यावंसं नाई वाटलं, तं नोका येऊ."

पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा, दिवस मावळतीला आलेला. त्यांच्या गाडीत कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे आतल्या वस्तीवरची, एक तरुण बाई होती. दवाखान्यातून परत निघालेली, खांद्यावर तापाने फणफणलेलं दोन वर्षांचं पोर. फाटा आला तशी ती म्हणाली, नवरा कंदील घेऊन येतो आहे, तो दिसेपर्यंत पाच मिनिटं गाडी थांबवा, पुढे नाला आहे, मला एकटीला भीती वाटते. गाडीला आधीच उशीर झालेला. मागून लोक ओरडायला लागले. ड्रायव्हरने आरशातून यांच्याकडे पाहिलं.

"अन् म्या डबल घंटी मारली," काकाजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गाडीत कोणीतरी बोलताना त्यांच्या कानावर आलं, त्या पोडावरचं एक पोट्टं नाल्यात वाहून गेलं.

"कोनाचं, ते तुम्ही विचारलं नाही?"

"नाई. विचारलं असतं तं उत्तर भेटलं असतं." मग म्हणाले, "ड्यूटी बदलून घेतली."

दुसऱ्या दिवशी आम्ही चिंचेखाली उतरलो. त्या दिवशीही त्यांनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली, पण डोकी मोजली नाहीत. वाट पळसाच्या झुडपांतून, मग सागातून जात होती. तासाभराने नाला लागला. कार्तिक संपत आला होता, पाणी घोट्याएवढंच. काकाजी काठावर बराच वेळ उभे राहिले आणि मग चपला हातात घेऊन उतरले.

पोड म्हणजे पंधरा-वीस घरं. सारवलेली अंगणं, एका बाजूला कापसाचा ढीग. एका म्हाताऱ्याला काकाजींनी तापलेलं पोर घेऊन उतरलेल्या त्या बाईबद्दल विचारलं. त्याने एका घराकडे हात केला. तिथे पन्नाशीला टेकलेली एक बाई तूर पाखडत होती. काकाजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गाडी, पाऊस, कंदील. शेवटी म्हणाले, "घंटी मीच मारली होती, बाई."

तिने सूप खाली ठेवलं. त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आठवते. लय राग आलता तुमचा."

"पोराचं काय झालं?"

"कायचं काय? रात्रभर तापला अन् सकाळी भाकर मागाले लागला. आता घाटंजीले ट्रॅक्टर चालवते. मालक आला होता कंदील घेऊन, घडीभरानं."

काकाजी तिथेच ओट्यावर बसले. मला वाटलं आता ते रडतील. पण त्यांनी विचारलं, "मंग वाहून गेलं ते?"

"ते त्या घरचं," तिने शेवटच्या झोपडीकडे पाहिलं. "पोरगी होती. चार दिवसानं गेली. गुरं आनाले गेलती."

ती पाणी आणायला आत गेली. काकाजी उठले आणि त्या शेवटच्या घराकडे गेले. अंगणात एक म्हातारी बसली होती, त्या पोरीची आई. तिच्याशी ते काय बोलले मला माहीत नाही. मी लांबच थांबले.

परत येताना सागाच्या जंगलात ते एकदाच बोलले. "मॅडम, पोरगं वाचलं ऐकून हायसं वाटलं. अन् लगेच लाज वाटली. मरनारं पोट्टं दुसऱ्याचं हाय म्हनून हायसं वाटते का मानसाले?"

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी माझ्याकडे घेतली.

त्यानंतर महिन्यातून एक रविवार त्या वाटेचा ठरून गेला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. काकाजी तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात आले, ऑपरेशन झालं, आठ दिवस ती त्यांच्या घरी राहिली. काकूंनी तिचं सगळं केलं. "कोन हाय हो तुमची?" असं गल्लीत विचारलं की काकू सांगायच्या, "यांच्या गाडीवरची."

गेल्या पौषात काकाजी गेले. सकाळी दाढी करायला बसले होते, आरशासमोरच कलंडले. मी पोडावर फोन लावायचा तरी कुणाला? घाटंजीच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. तो पोचेल असं वाटलं नव्हतं.

तेराव्याला मंडपात माणसं जेवत होती. फाटकातून तिघं आत आली. पाखडणारी ती बाई, म्हातारी, आणि म्हातारीचा हात धरून एक उंच, सावळा, तिशीला टेकलेला माणूस. ट्रॅक्टरवाला मुलगा मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. काकू उठून पुढे गेल्या आणि म्हातारीला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

काकाजींच्या पुण्याच्या पुतण्याने मुलाला विचारलं, "आपण कोण?"

"काकाजी आमच्याकडं येत होते."

"कुठे?"

त्याने पोडाचं नाव सांगितलं. पंगतीतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मी सांगितलं: घाटंजीची गाडी धरायची. मोठी चिंच दिसली की उतरायचं. पळसातून, मग सागातून तासभर सरळ चालायचं. नाला लागतो. पाणी असलं तर चपला हातात घ्यायच्या.

"आणि पुढे?" पुतण्याने विचारलं.

"पुढं आमचं घर," तो मुलगा म्हणाला.