जामीन राहणारे आप्पासाहेब

आप्पासाहेबांना मी प्रथम पाहिले ते नारायणगावच्या शाळेत. ते मुख्याध्यापक होते आणि मी जुन्नरहून आलेला नवा विद्यार्थी. "कांदा स्वस्त झाला तर भले कोणाचे?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "खाणाऱ्याचे." "आणि पिकवणाऱ्याचे?" मी फळ्याकडे पाहू लागलो. "अर्धेच उत्तर. बस खाली." अर्थशास्त्राशी माझा परिचय असा उभ्या-उभ्या झाला.

पुढे मी बी.ए. झालो, तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना चालू होती. आर्थिक विकासाचे प्रशिक्षण विद्यापीठात घेणाऱ्यांना राज्य सरकारने शिष्यवृत्ती सुरू केली. आप्पासाहेबांनीच मला अर्ज करायला लावले आणि माझी निवड झाली. अट एकच होती: शिकून परत जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात ठरावीक वर्षे काम करायचे, आणि त्याबद्दल एक जामीनदार द्यायचा.

या शब्दाने घात केला. आमच्याकडे जामीन म्हटले की फौजदारच डोळ्यांपुढे येतो. बाजारात बातमी फिरली ती 'कागदवाल्यांच्या पोराला जामीन पायजे' एवढीच. वारूळवाडीचे एक गृहस्थ तर वडिलांचे सांत्वन करायला आले. "पोरानं मारामारी कुठं केली, भाऊ?" असे त्यांनी हळूच विचारले.

वडिलांचा हातकागदाचा धंदा. अब्रूला फार जपणारा माणूस. त्यांनी निकाल दिला, "सरकारचा आपल्यावर भरवसा न्हाई म्हून जामीन मागत्यात. जायाचं न्हाई." शिष्यवृत्तीशिवाय पुण्याला शिकणे आम्हाला शक्य नव्हते. मी पेटीत भरलेले कपडे परत काढून ठेवले.

शुक्रवारची नमाज आटोपून वडील घरी आले, तो आप्पासाहेब ओट्यावर बसलेले.

"महमदभाई, बेचाळीसच्या चळवळीत मी तुरुंगात होतो. जामिनावर सुटायला मी नकार दिला. ठाऊक आहे ना?"

"समद्या गावाला ठावं हाय."

"स्वतःसाठी जो जामीन घेतला नाही, तो तुमच्या मुलाला मी राहतो. आता सांगा, यात अब्रू जाते ती कोणाची?"

वडील त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "कागद आमी करतो राव, पर त्येच्यावर लोक काय लिवत्याल, त्येची लई भीती वाटती." आणि आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितला. मी पुण्याला गेलो.

परत आलो आणि आंबेगाव तालुक्यात विकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली लागलो. आप्पासाहेबांचा जाच मात्र सुटला नाही. निरगुडसरच्या सभेत मी विद्यापीठातले सारे शब्द ओतले, तेव्हा मागच्या रांगेतून ते म्हणाले, "साहेब, आता हेच मराठीत सांगा." सभा हसली. माझे कान लाल झाले, पण त्या दिवसापासून माझी भाषणे लोकांना समजू लागली, हेही खरे.

त्यानंतर ते अनेकांना जामीन राहिले. त्यांच्या घरच्या मंडळींना याची धास्ती वाटते, आणि ती काही खोटी नाही; कोणी अट मोडली तर शिष्यवृत्तीचे पैसे जामीनदाराने भरायचे असतात. आप्पासाहेब ऐकून घेतात आणि पुन्हा सही करतात. सध्या निरगुडसरची एक मुलगी त्यांच्या जामिनावर शिकते आहे.

आप्पासाहेबांना यंदा साठ वर्षे झाली; षष्ट्यब्दीपूर्तीच्या लेखात दीर्घायुष्य चिंतायचे असते. इथे तो उपचार नाही. शिक्षण आणि नंतरची सेवा पुरी होईपर्यंत जामीनदार हयात असावा, असा सरकारी नियमच आहे. तेव्हा आप्पासाहेबांनी प्रकृतीला जपावे आणि त्या मुलीच्या मागे आणखी दहाजणींना जामीन राहावे.

माझी सेवेची मुदत गेल्या वर्षी संपली. नियमाने मला आता त्यांची गरज नाही. मला ते तरीही हवे आहेत.